झरोक्यातले हात

भिंगरीला कोठीत कोंडलं, तेव्हा तिची आई समोरच्या दालनात इतर पालकांबरोबर बसली होती. तिला याचा पत्ताही नव्हता.

बहिऱ्या मुलींची ती निवासी शाळा. एके काळी तिथे हातांनीच शिकवत, आणि बरेचसे शिक्षक स्वतः बहिरे होते. मग दूर कुठेतरी विद्वानांची सभा भरली, बहिऱ्या मुलांना फक्त तोंडाने बोलायला शिकवावं असा ठराव झाला, आणि ते वारं इथवर आलं. बहिऱ्या शिक्षकांना नारळ मिळाला. उरली एकटी शिवणबाई, कारण टाके शिकवायला तोंड लागत नाही. लहानपणी तापात तिचे कान गेले होते, पण बोलणं जाडंभरडं का होईना, टिकलं होतं. तिला ठेवून घेताना मोठ्या बाईंनी एकच अट घातली होती: हात फक्त सुईसाठी.

भिंगरी आली आणि ती अट मोडली. सात वर्षांची पोर, एका जागी बसेल तर शपथ. वर्गात तिला मेणबत्तीसमोर बसवून ‘प’ म्हणायला लावत. ज्योत हलली की शाबासकी. पण त्या ‘प’चं पुढे करायचं काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिवणबाईने कापडांच्या ढिगाआड तिला पाणी, ऊन, दुखतं, उद्या, आई असे शब्द हातांनी दिले, आणि पोरीने ते अधाशासारखे उचलले.

पालकांच्या भेटीच्या दिवशी आई फाटकातून येताना दिसली आणि भिंगरीला राहवलं नाही. दालनाच्या दारातच तिने मैत्रिणीला हातांनी सांगितलं, आई आली. मोठ्या बाईंनी ते पाहिलं. दंडाला धरून त्यांनी तिला जिन्याखालच्या कोठीत नेलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

थोड्या वेळाने धोबीण शिवणवर्गात धावत आली आणि तिने शिवणबाईची बाही ओढली. ओठ नीट दिसावेत म्हणून समोर उभी राहून म्हणाली, “कोठीतून उग्र वास येतोय. पोरगी आत आहे.”

कोठीपुढे गर्दी जमली होती. कुलूप निघालं होतं, पण दार हलत नव्हतं. अंधुक उजेडात फळीला लोंबकळून भिंगरीने अख्खी मांडणी पाडली होती आणि ती दाराला आतून अडकली होती. वरच्या बाटल्या फुटल्या होत्या. फरशी धुण्याचं ॲसिड आणि कपडे पांढरे करायची पावडर एकत्र होऊन विषारी वायू सुटला होता. दाराखालून येणाऱ्या वासाने सगळे खोकत होते.

सुतार कुऱ्हाड घेऊन आला, पण त्याने ती उगारली नाही. “पोर दाराला चिकटून उभी आहे. धक्के मारतेय. घाव आरपार गेला तर?”

“बाजूला हो, बाळा. मागे सर,” गलका ऐकून धावत आलेली आई दारावर तोंड ठेवून ओरडत होती. आतून धक्के येतच होते. पुन्हा ओरडायला तिने श्वास घेतला आणि मध्येच थांबली; लेकीला ऐकू कुठे येणार होतं.

शिवणबाई अंगणाकडे पळाली. कोठीला त्या बाजूने उंचावर एक गजांचा झरोका होता. तिने बाक ओढला आणि वर चढली. आत धुरकट पिवळसर हवा, आणि भिंगरीची पाठ. हाक मारून उपयोग नव्हता. तिने झरोक्यासमोर हात आडवा धरला, काढला, पुन्हा धरला. आतला उजेड विझला, पेटला, विझला.

भिंगरी वळली.

तोवर मोठ्या बाई अंगणात आल्या होत्या, मागे पाहुणे. शिवणबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात गजांतून आत घातले. दार सोड. माझ्याकडे ये. फ्रॉक नाकावर. डोळे मीट, असं सांगायला तिची बोटं निघाली होती, पण तिने ती आवरली. डोळे मिटले की बोलणंच संपलं असतं. डोळे झोंबतील, तिने सांगितलं, तरी माझ्याकडे बघ.

भिंगरी खोकत झरोक्याखाली आली. एका हाताने फ्रॉक नाकाशी दाबून तिने दुसऱ्या हाताने काहीतरी विचारलं. शिवणबाईने नाही अशी मान हलवली, मग खाली जमलेल्यांकडे बघून ओरडली, “सुताराला सांगा, मारा.”

कुऱ्हाडीचे घाव तिला पायाखालच्या बाकात जाणवले. भिंगरीला ते भिंतीत जाणवले असावेत. ती दचकली, दाराकडे धावायला निघाली. थांब, थांब, माझ्याकडे बघ, हात सांगत राहिले. पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तिने नजर काढली नाही. शेवटी फळी फुटली, सुताराने हात घालून तिला उचललं आणि बाहेर आणलं.

अंगणात धोबिणीने बादलीभर पाण्याने तिचे डोळे धुतले. डॉक्टर आले, छाती तपासली, वाचली म्हणाले. आईने तिला मांडीवर घेतलं होतं.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. “बाहेरचं जग हातांनी बोलत नाही,” त्या हळू म्हणाल्या. “मी त्यांना त्या जगासाठी तयार करतेय. तुम्हाला अट माहीत होती.”

“होती,” शिवणबाई म्हणाली.

“मग उद्यापासून येऊ नका.”

शिवणबाई आपली कात्री आणायला वर्गाकडे निघाली, तेवढ्यात आईने तिचा पदर धरला. “मघाशी आत असताना ती तुम्हाला काही म्हणाली का?”

“आई गेली का, असं विचारलं.”

“तिला ‘आई’ म्हणता येतं?” आईला खरं वाटेना. सात वर्षांत लेकीने तिला कधी काही म्हटलं नव्हतं.

शिवणबाईने दोन बोटं गालाला लावून दाखवली. आईने तसंच केलं, पण चुकीच्या बोटांनी. भिंगरीने लाल डोळ्यांनी ते पाहिलं, वैतागून आईची बोटं हातात घेतली आणि नीट करून दिली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आणि शिवणबाई, दोघीही शाळेत परतल्या नाहीत. शिवणबाईने एका गल्लीत शिलाईचं दुकान थाटलं. मशीनशेजारच्या चटईवर आधी भिंगरी आणि तिची आई शिकायला बसत. पुढे आणखी काही आया लेकरांना घेऊन येऊ लागल्या, आणि दुपारच्या वेळी त्या दुकानात हातांनीच इतकी भांडणं, इतक्या चहाड्या चालत, की शिवणबाईला शिलाईला वेळ पुरेना.