गेटासमोरचा मंडप

कोंडीबा नगरपरिषदेच्या सफाई विभागात मुकादम होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्याला सगळे मुकादमच म्हणत. त्याचा मुलगा रतनपाल पालिकेत कायम होईल, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. पण तोवर सफाईचं काम ठेक्यावर गेलं आणि रतनपाल ठेकेदाराच्या घंटागाडीवर चढला. बापाने ज्या गल्ल्या झाडून घेतल्या, त्याच गल्ल्यांतून पोरगा गाडी घेऊन फिरू लागला. पण बापाला रजा होती, दवाखाना होता, म्हातारपणाची सोय होती. पोराला त्यातलं काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर म्हाताऱ्यांची पेन्शन थांबली. आधी उशीर म्हणून सांगितलं, मग निधी नाही म्हणून, मग सांगणंही बंद झालं. एका सकाळी कोंडीबाची बायको रुक्माबाई पालिकेच्या दवाखान्यात साखरेचं इंजेक्शन आणायला गेली. रिटायर माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना तिथे औषध फुकट मिळायचं. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा कंपाउंडर खाली बघत म्हणाला, "मावशी, रिटायरवाल्यांचं बंद झालं आता. वरून सांगून आलंय."

ती परत आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि भाकरी टाकायला बसली. कोंडीबाने विचारलं तेव्हा म्हणाली, "न्हाई मिळालं."

"काहून?"

"बंद केलं म्हणे. आपल्यासाठी."

तातेराव पालिकेच्याच पाणीपुरवठ्यात पाणी सोडणारे वॉलमन होते. रिटायर झाल्यावर ते डोंगरकडा या गावी शेतीवर जाऊन राहिले होते. त्यांची तब्येत अजून धड होती आणि बोलायची भीड नव्हती. ते एसटीने येऊ लागले आणि कोंडीबाला बरोबर घेऊन जुन्या माणसांच्या घरी जाऊ लागले. कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं, तर कोणी सेनगावला लेकीकडे राहायला गेलेलं. कोणी म्हणालं, साहेब लोकांशी वाकडं घेतलं तर आहे तेही जाईल. दोन घरांत तर माणूसच उरलं नव्हतं, भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

खालच्या आळीतली केशरबाई मात्र लगेच उठली. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोघांनीही जन्मभर पालिकेत झाडू मारला होता. नवरा गेला, तेव्हापासून ती आणि तिची मुलगी मिना दोघीच होत्या. मिना ब्लाउज शिवायची.

"मी येते," केशरबाई म्हणाली. "मुकादमानं हाक मारल्यावर मी कधी गैरहजर राहिले का?"

मार्चमध्ये पालिकेच्या गेटासमोर मंडप पडला. चार कोपऱ्यांना बांबू, वर कापड, खाली सतरंजी. म्हातारी माणसं सकाळी डबा घेऊन यायची आणि ऑफिस सुटेपर्यंत बसायची. तातेराव भाषण करायचे. पण घोषणा द्यायची वेळ आली की सगळे कोंडीबाकडे बघायचे, कारण हजेरीच्या वेळचा त्याचा तो आवाज अजून तसाच होता. मुख्याधिकारी गाडीतून आत जायचे आणि गाडीतूनच बाहेर यायचे. एकदा काच खाली करून ते म्हणाले, "निधी आला की पहिलं तुमचंच." पुन्हा काच वर गेली.

दिवस जात राहिले, ऊन वाढत गेलं. रुक्माबाईचं इंजेक्शन उधारीवर येत होतं, आणि कधी कधी ते आलंय असं ती खोटंच सांगत होती.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर रतनपाल ताटावरून उठला नाही.

"बाबा, उद्या तुमचा मंडप काढायचाय," तो म्हणाला. "परवानगी संपली म्हणून. संतोषनं माझं बी नाव घातलंय त्यात."

संतोष म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. कोंडीबाने हात धुतले. "मुद्दाम घातलं असंल."

"मुद्दामच. मला म्हणला, तुझा बाप लई ओरडून राहिला. तू आलास तर म्हातारे गप उठतील. न्हाई आलास तर गाडीवर दुसरा चढवतो."

रतनपालची बायको पल्लवी चुलीजवळ उभी होती. ती हळू म्हणाली, "मामंजी, तुमी उद्या एक दिस घरीच राहा ना. म्हंजी तुमच्यासमोर काढावं लागणार न्हाई यांना."

"मी घरी बसलो तर माझ्या शब्दावर आलेल्या माणसांनी काय समजायचं?"

मग रतनपाल म्हणाला, "तुमची पेन्शन तुमाला मिळायलाच पाहिजे. माझी त्याला ना न्हाई. पण मी म्हातारा झाल्यावर कोणत्या गेटासमोर बसू, ते सांगा मला. माझं तर कोणी काही देणं बी लागत न्हाई."

रुक्माबाई म्हणाली, "रतन, ऊठ, हात वाळले तुझे."

सकाळी निघताना कोंडीबा दारात थांबला आणि पोराकडे न बघताच म्हणाला, "जा तू कामावर."

उन्हं चढल्यावर ट्रॅक्टर आला. पालिकेच्या एका साहेबाने कागद वाचून दाखवला आणि तो सावलीला जाऊन उभा राहिला. संतोषने हात केला तशी ट्रॉलीतून ठेक्यावरची पोरं उतरली. त्यांतले बरेच याच म्हाताऱ्यांचे मुलगे-पुतणे होते. रतनपाल सगळ्यांत शेवटी उतरला. तातेराव सतरंजीवर मांडी घालून बसून राहिले आणि त्यांनी सगळ्यांना बसूनच राहायला सांगितलं.

पोरं नुसतीच उभी राहिली. कोणी पुढं होईना. संतोष रतनपालकडे बघत होता.

रतनपाल ज्या कोपऱ्याजवळ उभा होता, तिथेच केशरबाई बसली होती. ती म्हणाली, "रतन, जेवून आलास का रं?"

"व्हय, मावशी."

"मंग कर बाबा तुझं काम. उभं काहून राहायचं उन्हात?"

तो वाकला आणि दोरी सोडू लागला. गाठ निघाली तसा कोपऱ्यातला बांबू केशरबाईच्या अंगावर झुकला. कोंडीबा कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. त्याने दोन्ही हातांनी बांबू धरला.

"हळू सोड," तो म्हणाला. "मावशी हाय खाली."

बापाने बांबू धरला, पोराने दोरी सोडली. मग दुसरा कोपरा. एकदा एक कोपरा निघाल्यावर बाकीची पोरंही पुढं झाली. कापडाची घडी करताना ते मातीला लागू नये म्हणून कोंडीबाने एक टोक उचलून धरलं. लग्नाचा मांडव उतरवतात तसं ते काम झालं. ट्रॅक्टर गेला आणि म्हातारी माणसं डोक्यावर पदर, टॉवेल घेऊन उघड्यावर बसून राहिली.

तातेराव म्हणाले, "मुकादम, तुमी बांबू धरलात."

"पडला असता."

"पडू द्यायचा व्हता. कुणाला थोडं लागलं असतं तर पेपरवाले आले असते. आता संतोष म्हणंल, म्हाताऱ्यांनीच काढून दिला."

"केशरबाई खाली व्हती, तातेराव."

"मला दिसत न्हाई का? मी बी आनंदानं म्हणून राहिलो का हे?"

त्यानंतर दोघे पूर्वीसारखे शेजारी बसत, पण डबा एकत्र उघडत नसत. नवा मंडप टाकायची परवानगी मिळाली नाही. छत्र्या आल्या, त्या वाऱ्याने उलटायच्या. हळूहळू माणसं दुपारी घरी जायला लागली आणि काही दुसऱ्या दिवशी परत आली नाहीत. केशरबाई जात नव्हती. मिना येऊन रागवायची, तेव्हा ती म्हणायची, "हजेरी लागली की सुट्टी होईस्तवर जागा सोडायची न्हाई. माझी सवयच तशी हाय."

एका दुपारी ती बोलता बोलता बाजूला कलंडली. कोंडीबाला वाटलं, डुलकी लागली. त्याने हाक मारली, मग खांद्याला हात लावला. अंग तापलेल्या पत्र्यासारखं लागत होतं. ऑटोत घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, करता येईल ते केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मिना उशाशी बसून होती. कोंडीबा वऱ्हांड्यात होता. नर्सने मिनाला बाहेर आणलं तेव्हा ती रडत नव्हती. "मामा, मी तिला रोज छत्री देऊन राहिले व्हते," ती म्हणाली. "ती शेजारच्या म्हातारीला द्यायची."

मग पेपरवाले आले. मुख्याधिकारी खाली उतरून उन्हात उभे राहिले आणि हात जोडून बोलले. त्याच आठवड्यात थांबलेली सगळी पेन्शन जमा झाली. बँकेच्या रांगेत लोक म्हणत होते, केशरबाईनं पेन्शन काढून दिली. कोंडीबाला ते ऐकवेना. त्याने पैसे काढले नाहीत, तसाच घरी आला. शेवटी रुक्माबाईच्या इंजेक्शनसाठी पल्लवीने त्याला परत पाठवलं. दवाखान्यातलं औषध मात्र बंदच राहिलं.

केशरबाईच्या जलदानाच्या, म्हणजे मरणानंतरच्या बुद्धवंदनेच्या दिवशी रुक्माबाईने रतनपालला धुतलेला सदरा काढून दिला.

"मी कोणत्या तोंडानं येऊ, आई?"

"तू मारलंस का तिला?"

"सावली तर मीच काढली."

"मी बी हात लावला व्हता," कोंडीबा म्हणाला. पण तेवढ्याने रतनपाल उठला नाही.

केशरबाईच्या दारात वंदना झाली, लोक जेवायला बसले. कोंडीबाच्या मागच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "मुकादमाच्याच पोरानं पहिली दोरी सोडली." आवाज हळू होता, पण त्याला ऐकू जावा इतपत होता. मिना वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. तिने इतरांसारखंच त्यालाही वाढलं आणि पुढे गेली.

उन्हाळा संपता संपता तातेरावांनी औषधासाठी पुन्हा बैठक बोलावली. जुन्या वाचनालयाच्या ओट्यावर मोजकी माणसं जमली. ज्यांची पेन्शन आली होती त्यांतले बरेच आले नव्हते. तातेराव थकले होते. बोलताना मधेच थांबत होते.

कोंडीबा म्हणाला, "औषधासंग आणखी एक मागू. ठेक्यावरच्या पोरांचं. त्यांना कायम करा म्हणू, न्हाई तर निदान दवाखाना तरी द्या म्हणू."

ओट्यावर चुळबुळ झाली. एक जण म्हणाला, "आपलंच निस्तरंना, त्यांचं कुठं घेता?" दुसरा म्हणाला, "मंडप काढायला आले तेव्हा आठवलं न्हाई का त्यांना?"

तातेरावांनी सगळ्यांना गप्प केलं. "कोंडीबा, तुमचं चूक न्हाई," ते म्हणाले. "पण ही रिटायर लोकांची संघटना हाय. दोन मागण्या नेल्या तर ते दोन्ही दाबून ठेवतील. आधी औषध होऊ द्या."

"आधी म्हणता म्हणता ती पोरं म्हातारी व्हतील."

"व्हतील," तातेराव म्हणाले. "मी काय करू?"

कोंडीबा अर्जावर सही करून आला. औषध मिळेल अशी आशा त्याला फारशी नव्हती. सही न करून काय करणार, म्हणून केली.

रतनपाल अजून त्याच गाडीवर होता. कामावरून आला की हातपाय धुऊन तो ओसरीत आडवा व्हायचा, कोणाशी बोलायचा नाही. खालच्या आळीत गाडी गेली की बाया दारं उघडत नसत. कचऱ्याच्या बादल्या आधीच ओट्याच्या कडेला ठेवलेल्या असत, त्या तो स्वतः उतरून रिकाम्या करायचा. हे कोंडीबाला पल्लवीकडून कळलं होतं. त्याने पोराला कधी विचारलं नाही.

एका दुपारी रतनपाल आपणहून त्याच्याजवळ येऊन बसला.

"आज मिनाताई बाहेर आली व्हती," तो म्हणाला.

"काही बोलली?"

"बादली हातात दिली. म्हणली, ओला-सुका वेगळा केलाय."

"आणखी?"

"आणखी काही न्हाई."

कोंडीबाने मान हलवली. आतून रुक्माबाईने दोघांना जेवायला हाक मारली.