स्टुडिओतला फोन

माझी बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. त्या संध्याकाळी घरी आली ती घसा बसवूनच. सकाळी कवळ्या बनवणाऱ्या लॅबकडून ईमेल आली होती, ‘फक्त तुझ्यासाठी’, सोबत एक फाइल. हिने ती उघडली. दिसलं काहीच नाही, पण तोच मजकूर हिच्या नावाने हिच्या यादीतल्या प्रत्येकाला रवाना झाला. फाइलमध्ये कीड होती. दातातली परवडली. ही कीड कॉम्प्युटरमधले फोटो एकेक करून पुसते आणि त्यांच्या जागी स्वतः जाऊन बसते. डॉक्टरांनी हिला दिवसभर फोनला जुंपलं. आमच्याकडून आलेलं काही उघडू नका, उघडलं असेल तर सरळ वायर उपटा, उरलंय तेवढं तरी वाचेल, हेच प्रत्येक पेशंटला सांगायचं.

“सगळ्यांना झाले फोन?” मी विचारलं.

“एक सोडून.”

तो एक म्हणजे माझा मेव्हणा. त्याचा पत्ता हिने कधीतरी यादीत घालून ठेवला होता, लिहिलं मात्र कधीच नाही. सासऱ्यांना शेवटी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं तेव्हा “बापाला टाकलंस” असं तो हिला म्हणाला आणि बोलणं बंद झालं. सासरे गेले त्या दिवशी दोघं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून उभी होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! मी मध्ये पडायला गेलो तर दोघांनी मिळून मलाच झोडपलं. तेवढंच काय ते त्यांचं एकमत.

मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ आहे. जुन्या अल्बमांना वाळवी लागली तेव्हा त्यानेच ते नेले, एकेक फोटो स्कॅन केला, ओरखडे बुजवले आणि कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवले. सासऱ्यांचा चेहरा आता फक्त तिथेच होता. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. मागायचा कुणी?

“मी लावतो त्याला,” मी म्हणालो.

“नको. पाणी पिते आणि मीच करते.”

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या फोनवर पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

“चिमणे, तुझी ईमेल आली गं.”

चिमणी म्हणणारं हिला दुसरं कुणी उरलेलं नाही. हिने पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला.

“फाइल काही उघडेना बघ. माझ्या कॉम्प्युटरवर नाही उघडली, मग आतल्या खोलीतल्यावर बघितली, मग काउंटरवरच्या. सगळे झाले. म्हटलं, इतक्या वर्षांनी हिने काही पाठवलंय, न बघता कसं राहू?”

दुसऱ्या कुणी एकदा बघून नाद सोडला असता. याने स्टुडिओत एकही कॉम्प्युटर शिल्लक ठेवला नव्हता. मी हातवारे करून हिला सांगत होतो, वायर, वायर काढायला सांग. हिला दिसत होतं.

“दादा,” ही म्हणाली, “तू कसा आहेस रे?”

मी गाडी शिकवतो. शिकाऊ माणूस सुसाट निघाला की माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. तसा तो आत्ताही गेला आणि फरशीवर आपटला.

“मी बराय. गुडघे कुरकुरतात. चिमणे, तेव्हा मी चुकलो गं. मला जमत नव्हतं, ते सगळं तुझ्यावर काढलं. बाबा तिथे बरे होते. मी गुपचूप जाऊन बघून आलो होतो. पण तुला फोन मात्र करवेना. मोठा मी, आणि शेवटी लिहिलंस तू.”

त्याला रडू आवरेना. हीसुद्धा डोळे पुसत हसत होती. असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला तिचा संताप आला होता आणि तिच्या हातातून फोन ओढून घ्यायचं धाडसही होत नव्हतं. तो बोलत होता तोवर पलीकडे फोटो जात होते.

“काय पाठवलंयस? बाबांचा फोटो आहे का?”

हिचा चेहरा उतरला.

“दादा, ऊठ. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी काढ. आत्ता! ते मी नाही पाठवलेलं. कीड आहे ती, फोटो खाते. बाबांचे फोटो जातील रे!”

पलीकडे नुसती कॉम्प्युटरची घरघर.

“म्हणजे तू काही लिहिलं नव्हतंस?”

“नाही. पण मी तुला फोन करणारच होते, आत्ताच.”

“कीड आहे हे सांगायला?”

हिने फोन दोन्ही हातांनी धरला.

“दादा, मग बोलू रे आपण, हवं तेवढं बोलू. आधी ऊठ.”

“राहू दे आता,” तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही. खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही. “दादा, वायर काढ. दादा, वायर,” ही बसलेल्या घशाने म्हणत राहिली, आणि पलीकडून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.