पुठ्ठ्यावरचा नववा स्क्रू

‘११ फेब्रुवारी, रविवार. सकाळी गारठा, दहानंतर कडक ऊन. स्क्रू नऊ, लागले नऊ.’

माझ्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेनानं लिहिलेली ही पहिली ओळ. तिच्याखाली आणखी तेवीस ओळी आहेत, सगळ्या एकाच हाताच्या. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो माझा लाल रंग, आणि तोही आता विटलाय.

मी एका जुन्या मोटारसायकलच्या फेअरिंगची डावी बाजू बोलतेय. फेअरिंग म्हणजे इंजिनाभोवतीचं प्लास्टिकचं कवच. उजवीकडे माझी बहीण असते. जन्मापासून आम्ही एकाच गाडीवर राहतो, पण आम्हाला उतरवून जुन्या चादरीवर शेजारीशेजारी ठेवतात तेव्हाच एकमेकींचं तोंड दिसतं. वर्षातून एकदा. सख्ख्या बहिणींनाही हल्ली याहून जास्त कुठे भेटता येतं?

आमचे मालक जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. गल्लीत त्यांना ‘नकाशेवाले’च म्हणत. चाळिशीला टेकल्यावर त्यांनी आम्हाला घरी आणलं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “शिंगं मोडून वासरात शिरलात,” एवढंच म्हणाल्या आणि मागे बसून चक्कर मारून आल्या. मी त्यांना बाई म्हणते.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी मेकॅनिककडे गेली. त्यानं आम्हाला खसाखस ओढून काढलं आणि तसंच परत बसवलं. फरशीवर दोन स्क्रू उरले. नकाशेवाल्यांनी ते उचलून दाखवले तर तो पठ्ठ्या हात पुसत म्हणाला, “काका, कंपनी जास्तीचेच देते.” घरी येताना एका खड्ड्यात गाडी आदळली आणि माझा खालचा कोपरा तडकला. ती चीर अजून आहे.

नकाशेवाल्यांनी कानाला खडा लावला. यापुढे गाडीचं काम घरी, स्वतःच्या हातानं. जेवताना बायकोला म्हणाले, “माझ्या हातून ज्या दिवशी एक स्क्रू उरेल, त्या दिवशी गाडी दुसऱ्याची.”

त्यांची पद्धत अशी. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा सपाट करून त्यावर मला आडवं ठेवायचं आणि पेन्सिलीनं माझी आकृती काढायची. जिथे माझं भोक, तिथे पुठ्ठ्याला भोक. जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर तिथेच खोचायचा. लांब स्क्रू दोन, आखूड सात. शिवाय दिवस उन्हाचा हवा. जुनं प्लास्टिक गारठ्यात काचेसारखं होतं, ओढलं की तुटतं. म्हणून आधी तासभर गाडी अंगणात तापवायची. वहीत हवा लिहिणारी माणसं असतात. आमच्याकडे हवा माझ्या पोटावर लिहिली जायची, आणि तिला कारण होतं.

शेवटचा स्क्रू निघाला की मी एकदम लोंबकळते आणि आतल्या खाचा मोडायची भीती असते. त्यामुळे माझा खालचा कोपरा बाईंच्या तळहातावर असायचा. तो धरल्या धरल्या त्या बोलत राहायच्या. मुलीची परीक्षा, नणंदेचा अबोला, गळकी टाकी, मुलीची परगावची नोकरी. त्या घरातलं काहीही मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, आणि काहीही माझ्यापासून लपलं नाही. काम संपलं की ते विचारायचे, “पुठ्ठा?” बाई म्हणायच्या, “रिकामा.” मगच किल्ली लागायची.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी कधीतरी ते बिनसायला लागलं. एकदा सिग्नलच्या दिव्याची वायर जोडायची राहिली. एकदा माझ्या पोटावर तारीख लिहिताना पेन हवेतच थांबला आणि त्यांनी विचारलं, “अगं, महिना कोणता?” बाईंनी सांगितला, सहज विचारल्यासारखा सहज. मग एक दिवस ते केस कापायला म्हणून गाडीवर गेले आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी गाडी चोरीला गेली म्हणून तक्रार करायला निघाले. मी न्हाव्याच्या दुकानासमोर रात्रभर उभी होते. न्हाव्यानंच घरी आणून पोचवलं आणि म्हणाला, “काका, केस कापले तेवढे पुरे, गाडी ठेवून घ्यायची सोय आमच्याकडे नाही.” सगळे हसले. नकाशेवाले सगळ्यांच्या नंतर हसले.

मुलगी फोनवर रोज एकच सांगायची, बाबांना गाडीवर सोडू नकोस. बाई म्हणायच्या, “त्यांना नाही कसं म्हणू? गाडी गेली तर ते उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत. आणि शब्द त्यांनीच दिलाय. स्क्रू उरेल त्या दिवशी.” तो दिवस यावा असं बाईंना वाटत होतं की येऊ नये, हे मला कळेना. बहुतेक त्यांनाही.

शेवटच्या वेळीही तसाच पुठ्ठा, तसंच ऊन. हात मात्र हळू झाले होते. एकेक स्क्रू उचलून ते बराच वेळ बघत राहत. मला परत चढवताना खाचा जुळल्या, वरचे स्क्रू लागले, मधले लागले. मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “झालं.”

माझा खालचा कोपरा मोकळाच होता. चिरेजवळचा. पुठ्ठ्यावर तिथला आखूड स्क्रू ताठ उभा होता. बाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला.

“पुठ्ठा?”

“रिकामा,” बाई म्हणाल्या.

मला खूप ओरडावंसं वाटलं. वाऱ्यानं मी फडफडले असते, पुढच्या चाकात गेले असते. पण आमच्या जातीला आवाज असतो तो फक्त खडखडण्याचा. त्यांनी हेल्मेट चढवलं, गाडी चालू केली, आणि मी जमेल तेवढी खडखडले.

बाई चाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अहो, बंद करा गाडी.”

इंजिन थांबलं. बाईंनी मूठ उघडली. “पुठ्ठा रिकामा नव्हता. खोटं बोलले मी.”

नकाशेवाल्यांनी हेल्मेट काढलं. स्क्रू चिमटीत धरून उन्हात फिरवून पाहिला, जणू कधी पाहिलाच नव्हता. मग म्हणाले, “कंपनी जास्तीचेच देते.”

बाईंना हसू आलं, आणि ते थांबवायला त्यांना फार वेळ लागला.

तेवढ्यात ते खाली बसलेसुद्धा. “धर,” म्हणाले. “लिहायचं राहिलंय.” बाईंनी कोपरा धरला. आठही स्क्रू पुन्हा निघाले, पुठ्ठ्यावर आपापल्या जागी गेले. मी चादरीवर पालथी पडले. या वेळी त्यांनी महिना विचारला नाही. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मला परत चढवलं, आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर बायकोच्या हातात दिला. त्यांनी तो कसा धरायचा ते विचारलं नाही. चोवीस वर्षं बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात विजेची कामं करणारा एक तरुण आम्हाला घेऊन गेला. बाईंनी पुठ्ठा त्याला बांधून दिला. त्याला वाटलं, रद्दी. तरी त्यानं तो टाकलेला नाही, शिडीच्या मागे ठेवलाय. नकाशेवाले त्या दिवशी फाटकापर्यंत आले होते. माझ्या चिरेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि आत गेले.

हे गाडी नेणाऱ्या बाबा, माझं तुझ्याकडे फार मागणं नाही. मला उघडशील तेव्हा ऊन बघून उघड. घाई करू नकोस. खालचा कोपरा घरातल्या कुणाला तरी धरायला सांग, आणि ते बोलत असतील ते ऐक. मग मला उलटी कर. शेवटची ओळ अशी आहे:

‘२४ नोव्हेंबर, रविवार. आकाश निरभ्र, वारा नाही. स्क्रू नऊ. मी लावले आठ, हिनं एक.’