महिपतीची निरगाठ

"त्या दोरीला हात लावाल तर माझं मेलेलं तोंड बघाल," रंभाबाई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड तिने असं रेटलं की राख उडून भाकरीवर बसली.

महिपती भिंतीला टेकून बसला होता, शाळेचा खाकी डगला अजून अंगातच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने सांगून टाकलं होतं, कारण पोटात ठेवायची गोष्ट नव्हती. उद्या सव्वीस जानेवारी. दरवर्षी झेंडा बांधायचं काम शाळेचा शिपाई म्हणून त्याचं, आणि फडकवायचं काम कुणातरी मोठ्या माणसाचं. यंदा हेडमास्तर हिंदुराव सरांनी ठरवलं, की दोरी महिपतीनेच ओढायची. हुतात्मा ईश्वरचा बाप म्हणून.

"हुतात्मा कोन म्हनलं त्याला?"

"सर म्हनले."

"सरानं बघितला का मेलेला? तुमी बघितला? मड्याला हात लावला का कुनी?"

एकाहत्तरच्या लढाईत ईश्वरची तुकडी छांबच्या बाजूला नदी ओलांडून गेली आणि उजाडल्यावर माणसं गोळा केली तेव्हा तो त्यांच्यात नव्हता. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर माणूस नाही. लष्कराने कळवलं, बेपत्ता. त्या एका शब्दावर हे घर वर्षभर जगलं. शत्रूने धरून नेला असेल, कैदेत असेल, कैदी सुटले की येईल. आशा लई वाईट असते बाबा, ती माणसाला धड रडूसुद्धा देत नाही.

गेल्या महिन्यात कैदी सुटून आले. त्याच पलटणीतला करकंबचा ज्ञानू मुद्दाम वाट वाकडी करून सोलापूरला येऊन गेला. पुढ्यातला चहा तसाच ठेवून म्हणाला, "काकी, तो आमच्यात नव्हता." एवढं बोलून ते पोर मान खाली घालून बसलं. महिपतीला त्याच दिवशी कळायचं ते कळलं. रंभाबाई मात्र ज्ञानू गेल्यावर म्हणाली, "आमच्यात नव्हता म्हनला. मेला म्हनला का?"

तेव्हापासून तिने हे एकच धरून ठेवलं होतं. आताही तेच. "उद्या साऱ्या सोलापूरच्या देखत तुमी दोरी वढणार, म्हंजे बापानंच सांगितलं की पोरगं गेलं. मग तो आला तर कुठल्या तोंडानं दार उघडू?"

दाराशी सून पारूबाई विड्या वळत बसली होती. मोडनिंबची पोर. लग्न झालं आणि एका रजेपुरता नवरा वाट्याला आला. सासू-सासऱ्याच्या बोलण्यात तिने कधी तोंड घातलं नव्हतं, आजही घातलं नाही. महिपती पाणी घ्यायला बाहेर आला, तेव्हा रांजणापाशी येऊन हळूच म्हणाली, "मामा, निंगव्वाकाकूंच्यात हळदीकुंकू झालं परवा."

"मग?"

"मला बोलावणं न्हाय आलं. आन् का न्हाय ते बी कुनी सांगंना. बोलावलं तर अपशकुन व्हईल का, न बोलावलं तर पाप लागंल का, त्यांचं त्यांनाच कळंना. मला बघितलं की बाया गप व्हत्यात." तिने पदर सारखा केला. "मी कोन हाय मामा? ते तरी एकदा सांगा."

महिपतीने तांब्या रांजणात बुडवला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत घरोघर हळदीकुंकू चाललेलं असतं, आणि ही पोर दारात बसून दुसऱ्या बायकांच्या ओट्या बघत होती. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत. पण सांगायचं काय? एका बाईचं पोरगं मारल्याशिवाय दुसरीला उत्तर देता येत नव्हतं.

सकाळी तो शाळेत पोचला तेव्हा मैदानात फक्की मारून झाली होती. दुष्काळाचं साल, फुलं मिळणं मुश्किलच, पण देवळातून ओंजळभर झेंडूच्या पाकळ्या त्याने मिळवल्या होत्या. ओट्यावर बसून त्याने झेंडा मांडीवर घेतला. ही घडी त्याच्या हाताची. चक्र मध्ये येईल अशी घडी, पोटात पाकळ्या, आणि वरून दोरीची सुरगाठ. एका हिसक्यात सुटली पाहिजे. इतकी वर्षं शाळेत झेंडा अडकला असं कधी झालं नव्हतं, त्याचा त्याला ताठा होता म्हणा ना.

आज मात्र घडी मांडीवर घेतली आणि त्याला वाटलं, आपण काहीतरी गुंडाळतोय. झेंड्याखालून लेकरू आलं असतं तर निदान त्याचं तोंड बघायला मिळालं असतं. इथे तेही नाही. नुसता झेंडा, आणि त्यात पाकळ्या.

हाताने गाठ मारली. सुरगाठ नव्हती ती. निरगाठ होती, वर आणखी एक पीळ. महिपतीला दिसत होतं. सोडवायला वेळही होता. त्याने ती तशीच वर चढवली.

आता म्हणाल, वेडा की काय हा माणूस. असेल. पण झेंडा उघडला नाही तर पोरगं मेलं नाही, असं त्या घटकेला त्याला वाटलं आणि अगदी मनापासून वाटलं.

कार्यक्रमाला गल्ली लोटली होती. पोरं रांगेत उभी होती. रंभाबाई आली नाही, पारू आली. बायकांच्या घोळक्यापासून हातभर लांब, एकटी उभी राहिली. शिवणाच्या बाई तबक घेऊन आल्या. त्यांनी महिपतीला टिळा लावला, मग पारूपुढे गेल्या. कुंकवात बुडवलेलं बोट उचललं आणि ते तिथंच थांबलं. बाईंनी सरांकडे बघितलं, सर दुसरीकडे बघायला लागले. मग बाईंनी बोट रुमालाला पुसलं आणि तबक घेऊन मागे फिरल्या. पारू समोर बघत उभी होती.

"महिपतराव, या," सर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी महिपतराव म्हटलं.

त्याने दोरी ओढली. झेंड्याचं गाठोडं वर नुसतं हललं. पुन्हा ओढली. पोरांत कुजबुज सुरू झाली. निंगव्वा शेजारणीला म्हणाली, "अय्यो, बरं लक्षण नव्हं हे." सर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "खाली घ्या. होतं असं कधी कधी."

महिपतीने झेंडा खाली घेतला. गाठीवर बोटं ठेवली. गाठ सुटेना. खरं तर सोडवतच नव्हता तो, नुसता धरून उभा होता. तेवढ्यात पारू सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून आली. तिने गाठीकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. तिला कळलं. महिपतीची मान खाली गेली.

"द्या हिकडं," ती म्हणाली.

विड्या वळून वळून तिची नखं चिवट झाली होती. तिने नख घालून पीळ सैल केला, मग गाठ सोडवली. पाकळ्या मातीत सांडल्या. सैल झालेली घडी सारखी करून तिने झेंडा त्याच्या हातात दिला.

"मामा, आता नीट बांदा."

"पारू, अगं तुझी आत्या..."

"बांदा मामा. माझ्यासाठी बांदा."

महिपतीने सुरगाठ घातली, झेंडा चढवला आणि दोरी ओढली. एका हिसक्यात झेंडा उघडला. टाळ्या झाल्या आणि लगेच जनगणमन सुरू झालं.

राष्ट्रगीत चालू असताना अंगावर विंचू चढला तरी हलायचं नाही, हे महिपतीने शाळेतल्या कितीतरी पोरांना कान पिळून शिकवलं होतं. तो सावधान उभा राहिला. सगळ्यांच्या नजरा वर होत्या, त्याची एकट्याची पारूवर होती. तिने पदराचं टोक तोंडाने ओलं केलं आणि कपाळाला लावलं. कुंकू एका पुसण्यात जात नाही. तिने पुन्हा पुसलं, मग पुन्हा. थांब गं लेकी, असं त्याला म्हणायचं होतं. दोन पावलं टाकली असती तर तिचा हात धरता आला असता. त्याचे हात मांड्यांना चिकटलेले होते आणि डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. तो हलला नाही. गीत संपलं तेव्हा तिचं कपाळ मोकळं झालं होतं.

पोरांना खाऊ वाटायला सुरुवात झाली. पारू जवळ आली.

"चला मामा. आत्याला मी सांगते. तुमी काय बोलू नका."

"मला झेंडा उतरवायचा हाय," महिपती म्हणाला. "दिवस मावळताना."

"मग बसा तवर," ती म्हणाली आणि एकटीच फाटकाबाहेर पडली.

सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. महिपती खांबाच्या ओट्यावर बसून राहिला.