हातात उरलेले कुलूप

मित्रांनो, मी एक गाडी आहे. जुनी म्हणावे तर मला दोनच हिवाळे झाले आहेत, आणि गाडी म्हणावे तर मी रस्त्यावर कधीच धावलेली नाही. सातासमुद्रापारच्या थंड ब्रॅम्पटन शहरातल्या एका कम्युनिटी सेंटरच्या तळघरात, तीन नंबरच्या खोलीच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. मला चार चाके आहेत, आत दोन कप्पे आहेत, एक दार आहे आणि दाराला कुलूप आहे. येणारे-जाणारे मला कपाट म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही. कपाट एकदा ठेवले की ठेवले. मला मात्र एका बोटाने ढकलले तरी मी निघते.

माझ्या पोटात एक हार्मोनियम, तबला-डग्गा, गाण्यांची बेचाळीस पुस्तके आणि कॅथरिनमावशींचा चहाचा डबा असतो. कॅथरिनमावशी मूळच्या वसईच्या, तिथल्या मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय बहात्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, आवाज मात्र अजून वर्गातला. दर गुरुवारी दुपारी बाराला त्या या खोलीत गायनमंडळ भरवतात. पंधरा आजी-आजोबा जमतात, बहुतेक सगळे वसईकडचे. नाताळात चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे उपासना होते, तिची गाणी हेच लोक बसवतात. वर्षभर सुनेच्या स्वयंपाकघरात गप्प बसणारी माणसे गुरुवारी इथे घसा मोकळा करतात.

माझा जन्म एका संकटातून झाला. तेव्हा मंडळाचे सामान खोलीच्या कोपऱ्यात केळ्यांच्या खोक्यांतून ठेवलेले असे. एका आठवड्यात साफसफाई झाली आणि पुस्तकांचे एक खोके रद्दीबरोबर रिसायकलिंगला गेले. मुद्दाम कोणी केले नव्हते. मराठी अक्षरे पाहून ती पुस्तके आहेत की जुने कागद, हे त्या माणसाला कळले नसावे. मावशींनी तक्रार केली, तेव्हा सेंटरच्या मॅनेजर ग्लेंडा यांनी नियमांचे पुस्तकच उघडले.

"सॉरी, कॅथरिन. इट हॅज टु बी लॉक्ड, अँड ऑन व्हील्स. ऑर टेक इट होम."

म्हणजे सामान कुलपात हवे आणि चाकांवर हवे, नाहीतर घरी न्या. मुदत तीन आठवड्यांची, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी बारा वाजेपर्यंत. त्यानंतर तो कोपरा योगाच्या वर्गाला मिळणार होता. मावशींकडे गाडी नाही. बर्फात, दोन बस बदलून, हार्मोनियम हातात घेऊन त्या येणार तरी कशा? कोपरा गेला की मंडळ बंद, आणि मंडळ बंद म्हणजे त्या वर्षी नाताळला मराठी गाणे नाही. त्या दिवशी मावशींनी चहाचा डबा उघडलाच नाही, असे मी नंतर ऐकले.

मावशींच्या शेजारी मंडळातलेच सिरीलकाका राहतात. ते वसईत सुतारकाम करत, इथे येऊन गोदामात राबले आणि आता गॅरेजमध्ये रंधा मारत बसतात. त्यांची मुलगी लविना मार्कहॅमच्या एका कंपनीत यंत्रांच्या पेट्यांची ड्रॉइंग काढते. मावशींनी दोघांना बोलावून सगळे सांगितले. काका म्हणाले, "आठ दिवसांत मस्त गाडी करतो की!" लविनाने मात्र मापाची टेप काढली आणि आधी सेंटरला जाऊन आली.

परत आली ती डोके खाजवत. "पप्पा, जिना मधेच वळतो. लिफ्टमध्ये फक्त एक व्हीलचेअर मावते. खोलीचा दरवाजा तीस इंचांचा. आख्खी गाडी खाली जाणारच नाही. पीसेस न्यायचे आणि तिथंच असेम्बल करायची."

"बरं, मग ड्रिल घेऊन जातो."

"ड्रिल अलाउड नाही तिथं. आवाज नको, भुसा नको. आणि आपल्या आधीचे टेबल टेनिसवाले गेल्यावर फक्त अर्धा तास मिळतो."

अशा कात्रीत सापडून मी आकाराला आले, मित्रांनो. मी सर्वांत आधी पुठ्ठ्याची होते. मला गॅरेजमध्ये उभे करून मावशींना दाखवले. मावशी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "दाराला कुलूप आहे, ते ठीक. पण हे बोल्ट बाहेरून का गं, बाय? कुणी पाना घेऊन आला तर पाठीमागची फळीच काढून नेईल. मग कुलपाची पूजा करायची का?"

लविनाने कपाळावर हात मारून घेतला. त्याच संध्याकाळी तिने सगळे बोल्ट आत घेतले. आता मला जोडायचे ते आतून, आणि एकदा दार लागले की बाहेरून हात घालायला जागाच नाही. या युक्तीचा मला अजून अभिमान वाटतो, जरी ती सुचवणारीला ड्रॉइंगमधले ओ की ठो कळत नव्हते.

लविनाने आणखी एक हुशारी केली. पाठ, दोन्ही बाजू आणि दार या माझ्या चारही फळ्या तिने एकाच मापाच्या ठेवल्या आणि काकांकडून चौघींना एकावर एक ठेवून सारखीच भोके पाडून घेतली. काम भराभर झाले. दारात फक्त कुलपासाठी एक मोठे गोल भोक जास्तीचे होते. मापे सारखी, भोके सारखी, म्हणून जोडणे सोपे जाईल, असे तिला वाटले. खरे तर तिने चुकणे सोपे करून ठेवले होते.

तिच्या ड्रॉइंगमध्ये एक ते नऊ असे इंग्रजी आकडे होते. सिरीलकाकांनी कापलेल्या प्रत्येक फळीवर तोच आकडा पेन्सिलीने लिहिला. पण कानावरची पेन्सिल हातात आली की काकांचा हात वसईच्या शाळेत जाऊन बसतो. टेप इंच दाखवते, काका ते मराठी आकड्यांत उतरवतात. पाठीच्या फळीवर ४, डाव्या बाजूवर ५, दारावर ८. आपण काही वेगळे केले, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. लविनाने ते पाहिले, आणि तिला ते वाचता येत असल्यामुळे तिलाही काही खटकले नाही.

तो गुरुवार उजाडला आणि एक घोटाळा झाला. नऊ महिने वाट पाहिलेली सिरीलकाकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नेमकी त्याच सकाळची निघाली. ती सोडली तर पुन्हा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. लविना काकांना घेऊन हॉस्पिटलला गेली, आणि मला जोडायची जबाबदारी तिच्या नवऱ्यावर, लिओनेलवर आली.

लिओनेल पाच वर्षांचा असताना या देशात आला. मराठी बोलतो झकास, पण वाचता येत नाही. एरवी गुरुवारी कधी सुट्टी मिळाली, तर तो सासऱ्यांना मंडळात सोडायला यायचा आणि गाणे संपेपर्यंत गाडीत हीटर लावून बसायचा. "मी आत येऊन काय करू? मला पुस्तकच वाचता येत नाही," असे म्हणायचा.

साडेअकराला त्याने मला खाली आणले, दोन-दोन फळ्या करत. भिंतीला लागून काका सोडून बाकीचे चौदा आजी-आजोबा कोट घालूनच बसले होते. कुणी मदतीला उठले की लिओनेल म्हणायचा, "बसा बसा, अंकल. डोन्ट वरी, इट्स सुपर इझी."

चाके तळाला आधीच बसवलेली होती. दोन दोनासारखा दिसला, तीन तिनासारखा दिसला, म्हणून त्याचा विश्वास बसला. मग ४ आला. त्याने तो खुशाल आठ वाचला आणि माझी पाठ दाराच्या जागी टांगली. ५ त्याला चारासारखा वाटला, म्हणून डावी बाजू पाठीला गेली. ८ हा तर आकडा आहे असेच त्याला वाटले नाही, सुताराने 'ही बाजू वर' अशी खूण केली असावी! उरलेली जागा म्हणून दाराची फळी त्याने डावीकडे ठोकून बसवली. भोके सारखीच असल्यामुळे सगळ्या फळ्या मुकाट्याने बसल्या. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण आमच्या जातीला तोंड नसते.

"हे गोल भोक कशाला रे?" एका आजोबांनी माझ्या कुशीत बोट घालून विचारले.

"व्हेंटिलेशन असेल, अंकल. हार्मोनियमला हवा लागते ना."

आजोबांनाही ते पटले. आणि मग सगळे जोडून झाले आणि लिओनेलच्या हातात कुलूप उरले.

त्याने दार वरून पाहिले, खालून पाहिले. कुलूप बसवायला भोकच नव्हते. पावणेबारा झाले होते. त्याने लविनाला फोन लावला, पण तळघरात रेंज नाही. जिना चढून पुन्हा लावला, तर तिचा फोन बंद. खाली येतो तो ग्लेंडा दारात उभ्या. त्यांनी मला एकदा पाहिले, त्याच्या हातातले कुलूप पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "आय विल कम बॅक ॲट ट्वेल्व्ह."

त्या वाईट नाहीत, मित्रांनो. पण त्यांच्या मागे योगाच्या चटया गुंडाळून आणलेल्या मला दिसत होत्या.

लिओनेल खाली जमिनीवरच बसला. "सॉरी मावशी," तो म्हणाला. "आय मेस्ड अप. मी सगळे नंबर बघून लावले, ऑनेस्टली."

कॅथरिनमावशी खुर्चीला धरून उठल्या. चष्मा पुसला, माझ्या आत डोके घातले आणि वर्गात घालतात तशी हाक घातली, "लिओनेल! हा कोणता आकडा?"

"एट."

"आठ? अरे, हा चार आहे, चार! तुला आठ कोणी सांगितला?"

चौदाच्या चौदा जण हसत सुटले. लिओनेलने ड्रॉइंगकडे पाहिले, फळीकडे पाहिले, आणि तोही हसायला लागला. पण मावशी हसत बसल्या नाहीत. "कोट काढा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेत. मी आकडा सांगेन, तुम्ही फळी द्या. लिओनेल, तू नुसता पाना फिरव."

इतका वेळ ज्यांना 'बसा बसा' म्हटले जात होते, ते सगळे उठले. ज्यांना ड्रॉइंगमधले एक अक्षर कळत नव्हते, त्यांना माझ्या फळ्या नीट वाचता येत होत्या. "पाच डावीकडे!" "चार पाठीला!" "आठ कुणाकडे आहे? आठ आणा!" एका आजीने फळी धरली, दुसऱ्या आजोबांनी बोल्ट मोजून दिले. मी पुरती सुटी झाले, पुन्हा जुळले. माझे दार माझ्या दाराच्या जागी आले, आणि गोल भोकात कुलूप असे बसले की मला गुदगुल्या झाल्या.

बाराला ग्लेंडा आल्या. त्यांनी दार ओढून पाहिले, मला गदागदा हलवले, ढकलत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि परत आणले. एकही बोल्ट बाहेर दिसत नाही म्हणून माझ्याभोवती फिरल्यासुद्धा.

"हू पुट धिस टुगेदर?" त्यांनी विचारले.

"दे डिड," लिओनेल म्हणाला.

ग्लेंडांनी चौदा जणांकडे पाहिले. कुणाचा स्वेटर भुरभुर धुळीने माखला होता, कुणी गुडघा चोळत होते. "वेल," त्या म्हणाल्या, "द कॉर्नर इज युवर्स." मावशींनी किल्ली सेफ्टी पिनने स्वतःच्या स्वेटरला आतून लावली आणि चहाचा डबा उघडला. मला त्या दिवशी फार, फार बरे वाटले.

संध्याकाळी हे ऐकून सिरीलकाका डोळ्यावरच्या पट्टीसकट खजील झाले म्हणे. लविनाने दुसऱ्याच दिवशी ड्रॉइंग बदलले: पुन्हा अशी गाडी केलीच तर प्रत्येक फळीची भोके वेगळी असतील, चुकीच्या जागी ती बसणारच नाही. माझ्यावर इंग्रजी आकड्यांची लेबलेही ती चिकटवणार होती. ती लेबले घेऊन आली, तेव्हा लिओनेलनेच तिला थांबवले. "नको," तो म्हणाला, "मी शिकतो ना."

आणि तो शिकला. गुरुवारी सुट्टी मिळाली की तो आता गाडीत बसत नाही, आत येतो. नाताळाच्या मिस्सेत मावशी "एकशे अठ्ठेचाळीस" म्हणाल्या, तेव्हा शेजारच्याकडे न पाहता त्याने १४८ काढले. शब्द अजून वाचता येत नाहीत. ते तो ऐकून म्हणतो. पण पान त्याचे त्याने काढले, हे मावशींनी पुस्तके परत माझ्यात ठेवताना तीनदा सांगितले.

माझे दिवस नेहमीच असे नव्हते. उन्हाळ्यात अर्धे मंडळ गावी गेले, तेव्हा दोन महिने मला कोणी हात लावला नाही. कोणीतरी माझ्या डोक्यावर ओला पोछा वाळत घातला. एका चाकात केस आणि दोरे अडकले आणि मी लंगडू लागले. मी रुसलेही होते. पण सप्टेंबरात सिरीलकाका आले, चाक काढून साफ केले, तेलाचे दोन थेंब सोडले आणि माझा रुसवा गेला.

गेल्या महिन्यात दूरच्या सस्काटून शहरातून पत्र आले. तिथल्या आपल्या लोकांनाही असाच एक कोपरा मिळाला आहे आणि तशीच गाडी हवी आहे. माझी धाकटी बहीण! तिच्या फळ्या माझ्याशी ताडून पाहायला खाली आणल्या होत्या. काकांच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, म्हणून ते खुर्चीत बसले आणि आकडे लिहायची पेन्सिल लिओनेलने घेतली. १, २, ३ लिहून झाले. मग तो थांबला, माझे दार उघडून आतला आकडा पाहिला आणि पाठीच्या फळीवर जपून लिहिले. आकड्याचे पोट जरा मोठे झाले होते, शेपूट वाकडे.

सिरीलकाका वाकले. नव्या डोळ्याने त्यांनी तो आकडा बराच वेळ पाहिला.

"चार आहे," ते म्हणाले. "आठ कोण म्हणेल याला?"

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, चर्चमध्ये, देवळात माझ्यासारखी एखादी गाडी असेल, तर तिची चाके वरचेवर साफ करा. ओले बूट तिच्या डोक्यावर ठेवू नका. आणि तिच्या आत कोणी पेन्सिलीने काही लिहिलेले दिसले, तर ते पुसायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा आणि विचारा, हे काय लिहिले आहे. त्याला उठायला वेळ लागेल. तेवढे थांबा.