पास झालेली गल्ली

हेडसर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हेडमास्तरकी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी उशिरा आली तरी सर दारात उभे राहून चालकाला कारण विचारतात, आणि चालकही गाडी बंद करून, मान खाली घालून कारण सांगतो. निम्म्या गल्लीला सरांनी शिकवलेलं आहे. उरलेल्या निम्म्या गल्लीला शिकवायचं राहून गेलं, याची खंत त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येते.

आमच्या भागात दर काही वर्षांनी आरोग्याची पाहणी होते. मधुमेह आणि हृदयविकार कोणाला होतात, का होतात आणि आधी काही चाहूल लागते का, हे शोधण्यासाठी एका संस्थेनं काही वस्त्या निवडल्या आहेत. तीच तीच माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची, असा त्यांचा नेम. वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये टेबलं मांडली जातात. माणसं उपाशीपोटी येतात, रक्त देतात, वजनकाट्यावर उभी राहतात, आणि शेवटच्या टेबलावर प्रश्नांना उत्तरं देतात. कमरेचा घेर मोजणाऱ्या सिस्टर पहिल्यापासून त्याच आहेत. गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव पट्टीबाई ठेवलं. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

पहिल्या पाहणीनंतर संस्थेचे डॉक्टर सगळ्यांना निष्कर्ष समजावून सांगायला आले. कुणाचं नाव न घेता, शक्य तितक्या मऊ शब्दांत त्यांनी सांगितलं, की तुमच्या गल्लीत साखर आणि रक्तदाब दोन्ही इतर वस्त्यांपेक्षा जास्त दिसतात. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. सरांना मात्र घास गेला नाही. त्यांच्या शाळेचा निकाल कधी कुणापेक्षा खाली गेला नव्हता, आणि इथे त्यांची स्वतःची गल्ली चारचौघांत नापास झाली होती.

"अहो, ते आजाराबद्दल बोलत होते, मार्कांबद्दल नाही," बाईंनी समजावून पाहिलं. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढची पाहणी जवळ आली तशी सरांनी आपल्या पुढच्या खोलीत उजळणीवर्ग सुरू केला. आठवडाभर गोड बंद, तळलेलं बंद, सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या. प्रश्नांची तयारी वेगळी. रोज चालता का, याला "वेळ मिळाला तर" असं लुळंपांगळं उत्तर चालणार नाही, "चालतो" असं ठाम सांगायचं. गोड किती वेळा खाता, याला "क्वचित" म्हणायचं. शिंप्यानं विचारलं, की रोज खाणाऱ्यानं क्वचित कसं म्हणायचं? तेव्हा सरांनी त्याला सांगितलं, की या आठवड्यात तू क्वचितच खातो आहेस, मग खोटं कुठे आलं? कमरेचा घेर मोजताना पोट आत घ्यायचं, हेही त्यांनी स्वतः करून दाखवलं. बाई दारातून पाहत होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, की लग्नाच्या फोटोनंतर हे पोट पहिल्यांदाच आत गेलेलं दिसतंय.

पोटाच्या बाबतीत मात्र पट्टीबाईंपुढे कुणाची डाळ शिजली नाही. त्या मोजपट्टी कमरेभोवती धरून मुलंबाळं काय करतात ते विचारायच्या. उत्तर द्यायला श्वास सोडावा लागे आणि पोट आपल्या जागी परत येई. पण बाकी सगळीकडे गल्लीनं बाजी मारली. वजनं थोडी उतरली होती, साखर खाली आली होती, आणि उत्तरं तर अशी, की सगळी गल्ली एका सुरात "क्वचित" म्हणत होती. तपासण्या संपल्या त्याच दिवशी दुपारी बेकरीपुढे रांग लागली आणि संध्याकाळपर्यंत केक संपले.

पुढे जे झालं ते सरांच्याही स्वप्नात नव्हतं. डॉक्टर पुन्हा आले ते थेट सरांच्या घरी. इतर वस्त्या होत्या तिथेच होत्या, एवढ्या एका गल्लीनं असं काय केलं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, असं ते आजही म्हणतात. पण तोंडातून शब्द बाहेर पडला तो "शिस्त". डॉक्टरांनी तो लिहून घेतला. मग त्यांनी सरांना दुसऱ्या वस्त्यांमध्ये चार शब्द बोलायला नेलं. सर गेले, बोलले, टाळ्या घेऊन आले. छाती अशी फुगली, की तिचाही घेर कुणी मोजायला हवा होता. बाई मूग गिळून बसल्या. फक्त सर भाषणाहून आले, की चहात किती चमचे साखर घालू, असं त्या मुद्दाम मोठ्यानं विचारत.

अशा थाटात तिसरी पाहणी आली. आता नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, नाव राखायचं होतं. सरांनी वर्ग आणखी कडक केला. संस्थेनं रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका असं कळवलं होतं. सरांनी आदल्या दुपारपासूनच काही खाऊ नका असं फर्मान काढलं. बहुतेकांनी मान डोलावली आणि रात्री गुपचूप जेवून घेतलं. शब्दशः पाळलं ते एकट्या बेकरीवाल्यानं.

बेकरीवाला सरांचा विद्यार्थी. गणितात तो दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्यांदा वर आला, तोही सरांनी शाळा सुटल्यावर बसवून घेतलं म्हणून. पन्नाशी ओलांडली तरी सर समोर आले, की तो हातातला पाव खाली ठेवून उभा राहतो. मागच्या वर्षी त्याला मधुमेह निघाला होता आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. हे त्यानं सरांना सांगितलं नव्हतं. सरांच्या वर्गात आपणच कच्चे निघालो, हे पुन्हा सांगायची त्याला लाज वाटली. त्यानं सरांचंही ऐकलं आणि डॉक्टरांचंही: पोटात अन्न नाही, गोळ्या मात्र वेळच्या वेळी घेतल्या.

सकाळी हॉलमध्ये रांगेत तो सरांच्या मागेच उभा होता. सर पुढे बघून त्याला उत्तरांची उजळणी करायला सांगत होते. तो काहीतरी भलतंच बरळला. हे कुठलं उत्तर, म्हणून सर रागानं वळले, तर बेकरीवाला घामानं निथळत होता, ओठ थरथरत होते, आणि सरांकडे तो असा बघत होता जणू ओळखतच नाही. पुढच्या क्षणी तो खाली कोसळला.

पट्टीबाई धावत आल्या. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, तर ती तळाला गेली होती. अजून गिळता येतंय याची खात्री करून त्यांनी त्याला ग्लुकोजचं पाणी थोडं थोडं पाजलं. त्याची नजर हळूहळू स्थिर झाली. काल काय खाल्लं होतं, असं सिस्टरनी विचारलं. तो सरांकडे बघून, पढवल्याप्रमाणे, क्षीण आवाजात म्हणाला, "क्वचित."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सर हसले नाहीत. ते भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बेकरीवाल्याला दवाखान्यात नेलं, एक दिवस ठेवून घेतलं. सर दिवसभर खाटेशेजारी बसून होते. नर्स दर थोड्या वेळानं साखर तपासून जाई, आणि दर वेळी सर उठून उभे राहत, जणू निकाल वाचून दाखवला जाणार आहे. बेकरीवाला जागा झाला, की सरांचीच माफी मागायचा, गोळ्यांचं सांगायला हवं होतं म्हणायचा. शेवटी सरांना राहवलं नाही.

"अरे, तू नापास होऊ नयेस म्हणून मी तुला मारायलाच निघालो होतो," ते म्हणाले. "आणि वर माफी तू मागतोस?"

त्यांचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता. बेकरीवाल्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला आणि सरांनी तो धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर एकटे हॉलवर गेले आणि डॉक्टर आणि पट्टीबाईंसमोर उजळणीवर्गाची सगळी हकिकत सांगून मोकळे झाले. शिस्तीच्या भाषणांसकट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ज्या गल्लीचं उदाहरण ते सगळीकडे देत होते ती एका आठवड्यापुरतीच गुणी होती. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, की गेल्या खेपेला ज्यांना वेळेवर औषध मिळायला हवं होतं, त्यातले काही जण निरोगी ठरून घरी गेले असणार. सरांना आतून खरी बोच लागली ती या वाक्यानं.

पट्टीबाईंना मात्र त्यांची दया आली असावी. "सर, इथे कुणी नापास होत नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर आम्हाला ढ मुलंच जास्त लागतात. हुशारांचं आम्ही काय करणार?"

शिवाय या वेळी एक नवी तपासणी होती, हे त्यांनी सांगितलं. मागच्या तीन महिन्यांत साखर साधारण किती राहिली ते त्या तपासणीच्या रक्तात कळतं. म्हणजे एका आठवड्याच्या घोकंपट्टीला ते रक्त दाद देत नाही. सरांनी ते ऐकून घेतलं आणि शिक्षक म्हणून त्यांना कबूल करावं लागलं, की पेपर चांगला काढला आहे.

निकाल आले तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच घरांत चिठ्ठ्या पोचल्या: डॉक्टरांना भेटा. शिंप्याला आली. वाचनालयाच्या शिपायाला आली. सरांनाही आली. त्यांना मधुमेह होता, आणि बहुधा तो आजकालचा नव्हता. बाईंची साखर, रक्तदाब, सगळं जागच्या जागी निघालं. त्या वर्गाला कधी बसल्याच नव्हत्या. सरांनी आपला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभे राहिले. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला. थट्टा करायची संधी समोर होती, पण त्यांनी केली नाही. कागद घडी करून ठेवला, सरांना बसवलं, आणि उद्या दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ म्हणाल्या. थट्टा त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली.

सर मग चिठ्ठी आलेल्या प्रत्येक घरी गेले. डॉक्टरांकडे गेलात का, एवढंच विचारायचे. ज्यांना एकटं जायला धाकधूक वाटे त्यांच्याबरोबर जाऊन बसायचे. संध्याकाळी बेकरी बंद झाली, की बेकरीवाला आणि सर चालायला निघतात. सुरुवातीला बेकरीवाला सरांच्या दोन पावलं मागे चालायचा. आता बरोबरीनं चालतो, आणि सरांना धाप लागली, की न विचारता थांबतो.

नंतरची पाहणी झाली तेव्हा शेवटच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती. गोड किती वेळा खाता, असं तिनं सरांना विचारलं. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि खरं सांगायला सुरुवात केली: कोणत्या वाराला, कुणाच्या घरी, किती, आग्रहानं की स्वतःहून, बाईंना माहीत असताना की नसताना. मुलीची पेन्सिल थांबली, रांग हॉलबाहेर गेली, माणसं उपाशीपोटी ताटकळली. शेवटी पट्टीबाईंनी येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अदबीनं विचारलं, की सर, थोडं खोटं बोललात तर चालेल का?

"नाही," सर म्हणाले आणि बुधवारावर आले.