मी पाझरलोच नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. निपाणीजवळच्या एका गावच्या मराठी शाळेत, पाण्याच्या माठाशेजारी माझा अर्धा जन्म गेला. त्या माठाचा मला भारी हेवा वाटे. पोरं तोंड लावत मला आणि म्हणत, "माठाचं पाणी लई गार हाय रं!" चिंचेनं घासून लखलखीत मी, आणि कौतुक त्या मातीच्या ढेरपोट्याचं!

एका चैत्रात गारा पडल्या. पोरांनी वेचून माझ्यात भरल्या. थोड्या वेळानं माझ्या अंगावर बाहेरून थेंब जमले. मारुतीराव मास्तर हरखले.

"बघा, तांब्यापण माठागत पाझरतोय. धातूला बारीक भोकं असतात. लिहा पाटीवर."

माझ्या अंगाला भोक नाही, हे मला ठाऊक होतं. पण माठाची बरोबरी झाली म्हणून मी मनातल्या मनात फुगलो.

शाळेत पाणी भरणारी गुणाबाई दारातून म्हणाली, "मास्तर, मग रोज कोरडा कसा ऱ्हातोय? आमच्या तंबाकूच्या वखारीत वाळल्या पानावर कोण पाणी मारत न्हाय, तरी पहाटंला पान मऊ पडतंय. वाऱ्यातच पाणी असतंय की!"

"वाऱ्यात पाणी असतं तर आपण बुडून मेलो असतो, गुणाबाई!"

पोरं खो खो हसली. मीही हसलो. ती खाली मान घालून गेली.

पुढच्या महिन्यात तपासणीला दिप्टी साहेब यायचे होते. मास्तरांना त्यांना पाझरणारा तांब्या दाखवायचा होता. मला भरून ठेवलं, पण गारा नव्हत्या, मी कोरडा ठणठणीत. मास्तर घाबरले. "भोकं बुजली असतील," म्हणत त्यांनी बारीक खिळा घेऊन माझ्या तळाला ठोकला.

साहेबांनी मला उचललं. पाण्याची धार त्यांच्या बुटावर पडली.

"मास्तर, हा फुटका आहे. टाकून द्या."

माठ तिथंच राहिला. मी उकिरड्यावर गेलो.

गुणाबाईनं मला उचलून घरी नेलं, भोक लाखेनं बुजवलं. पुढं पुन्हा गारा पडल्या तेव्हा तिनं मला कोरडं पुसलं आणि आत गारांबरोबर कुंकू टाकलं. आत लालभडक पाणी झालं. बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ, बिनरंगाचे होते. बोटावर एक थेंब घेऊन ती म्हणाली, "बघ रं, तू पाझरत न्हाईस. वाऱ्यातलं पाणी तुझ्या गार अंगावर जमतंय."

ते बघायला शाळेतलं कुणीच नव्हतं.

मित्रांनो, माठाचा हेवा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण 'धातू पाझरतो' हे तुमच्या पाटीवर कुठं उरलं असेल, तर तेवढं पुसून टाका. आणि दारातून कुणी शंका विचारली, तर माझ्यासारखं हसू नका.